‘पगार’ या शब्दाविषयी

रायपुरातील आमच्या लहानशा वाचनमंडळाने काही दिवसांपूर्वी एक हस्तलिखित अंक काढला. त्यात एका सेवानिवृत्त गृहस्थांनी आपल्या पहिल्या नोकरीची आठवण लिहून दिली होती. तीत ‘पहिला पगार हातात पडला तेव्हा’ असे एक साधे वाक्य होते. मजकूर तपासणाऱ्या सभासदांनी त्यातील ‘पगार’ खोडून वर सुवाच्य अक्षरात ‘वेतन’ लिहिले. कारण विचारता त्यांनी दोन कारणे सांगितली : एक, हा शब्द परकीय आहे, आणि दुसरे, तो गिरणीतल्या व फडावरच्या माणसांच्या तोंडचा असून साहित्यात शोभत नाही. लेखक महाशय सौजन्याने गप्प बसले. आम्ही बैठकीत हरकत घेतली खरी, पण ऐन वेळी युक्तिवाद सुचला नाही. आणि जो युक्तिवाद घरी परतताना सुचतो त्याला सभेच्या इतिवृत्तात जागा नसते. म्हणून तो येथे मांडीत आहो.

पहिला आरोप खरा आहे. ‘पगार’ हा पोर्तुगीज शब्द होय. गोव्यातील आसगावचे सुपुत्र मोंसिन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दालगाद यांनी आशियाई भाषांतील पोर्तुगीज शब्दांचा जो ग्रंथ १९१३ साली सिद्ध केला व ज्याचे इंग्रजी भाषांतर १९३६ साली बडोद्याहून निघाले, तो चाळला म्हणजे आपल्या बोलण्यात हे पाहुणे किती आहेत ते कळते. चावी, साबण, पाव, बटाटा, घमेले, पिंप, बिजागरी, इस्त्री, तुरुंग, लिलाव ही आपली ओळखीची मंडळी. वसई १७३९ साली मराठ्यांनी जिंकून घेतली, पोर्तुगीज गेले. त्यांचे शब्द मात्र कोणी परत केले नाहीत.

परंतु या यादीकडे जरा निरखून पाहावे. तीतील बहुतेक शब्द वस्तूंची नावे आहेत. वस्तू गलबतातून उतरली, तिचे नावही तिच्याबरोबर उतरले. यात नवल नाही. ‘पगार’ हा या यादीत वेगळा बसतो, कारण तो मुळात नाम नव्हेच, ते क्रियापद आहे. पोर्तुगीज भाषेत ‘पगार’ म्हणजे ‘पैसे देणे, चुकते करणे’. शेवटचा ‘आर’ हा त्या भाषेतील क्रियापदाच्या मूळ रूपाचा प्रत्यय, आपल्या ‘करणे, देणे’ यांतील ‘णे’सारखा. मजुरी या अर्थाचे स्वतंत्र नाम त्या भाषेत आहे, ते ‘पागा’. पण मराठीने ते घेतले नाही, क्रियापदच उचलले आणि त्याचे नाम केले. हे करण्यास मराठी माणसाला कोणी शिकवावे लागले नाही. आपण ‘देणे’ हे क्रियापद असेच नाम म्हणून वापरतो : वाण्याचे देणे, सावकाराचे देणे. धक्क्यावर किंवा किल्ल्याच्या बांधकामावर ‘पगार, पगार’ असे ऐकणाऱ्याने त्याचा अर्थ ‘देणे’ असाच घेतला असला पाहिजे, आणि तो अचूक होता.

एकदा घरात घेतल्यावर या शब्दाला मराठीने आपल्या व्याकरणाचे सर्व संस्कार केले. त्याला पुल्लिंग दिले. ‘पगाराला, पगारात, पगारापुरते’ असे सामान्यरूप दिले. अनेकवचनात ‘घर’सारखे ‘घरे’ न करता ‘डोंगर’सारखे जसेच्या तसे ठेवले. त्यापासून ‘पगारी’ हे विशेषण निघाले, आणि ‘पगारी’पासून भरपगारी, अर्धपगारी व बिनपगारी रजा या आमच्या सुखदुःखाच्या तीन पायऱ्या. ‘पगारदार’ या शब्दाची तर गंमतच आहे : डोके लॅटिनच्या घराण्यातले, शेपूट फारसी, आणि मराठी पतसंस्थेच्या पाटीवर तो बिनदिक्कत उभा. ‘वेतन’ला असली संतती नाही. ‘वेतनी रजा’ म्हणून पाहावे, कानाला कसे लागते ते. ज्या शब्दाची मुलेबाळे भाषेत नांदत आहेत, त्याला परका म्हणून उंबऱ्याबाहेर उभे करण्यात काय अर्थ?

आपल्या कोशांची चाल मात्र अशी की, शब्दापुढे ‘पोर्तुगीज’ एवढे लिहिले की काम संपले. आमची कोशकारांविषयीची कृतज्ञता मोठी आहे. १९४६ सालचा कृ. पां. कुलकर्णी यांचा व्युत्पत्तिकोश आमच्या टेबलावर नेहमी असतो. पण जेथे कोश थांबतो तेथेच या शब्दाची खरी हकीकत सुरू होते.

‘पगार’चे मूळ लॅटिन ‘पाकारे’. आणि ‘पाकारे’ हे ‘पाक्स’ या नामापासून झालेले क्रियापद. ‘पाक्स’ म्हणजे शांतता! रोमन लोक जेव्हा एखादा प्रांत ‘पाकारे’ करीत, तेव्हा ते तो शांत करीत, म्हणजे तलवारीने शमवीत. पुढे मध्ययुगात हाच शब्द धनकोच्या बाबतीत लागू झाला. ज्याचे आपण देणे लागतो तो दारात उभा राहतो, आवाज चढवतो. त्याच्या हातावर पैसे ठेवले की तो शांत होतो. शांत करणे म्हणजे देणे चुकवणे, एवढ्यावर अर्थ येऊन ठेपला, आणि हळूहळू शांतता विसरली गेली व पैसा उरला.

ध्वनीचा प्रवासही आपल्याला अनोळखी नाही. दोन स्वरांमधला कठोर ‘क’ स्पॅनिश व पोर्तुगीज भाषांत मृदू होऊन ‘ग’ झाला. संस्कृत ‘मकर’चा ‘मगर’ आणि ‘शकुन’चा ‘सगुन’ व्हावा तसाच हा प्रकार. इटालियनमध्ये ‘पागारे’, स्पॅनिश व कातालान भाषांत ‘पगार’. फ्रेंचांनी आणखी एक पाऊल टाकले : तेथे ‘ग’ही विरघळला आणि ‘पेये’ झाले. प्राकृतात ‘लोक’चा कोठे ‘लोग’ आणि कोठे ‘लोय’ झाला, त्या दोन पायऱ्या येथे दोन देशांत वाटल्या गेल्या आहेत. फ्रेंचांचे हे क्रियापद अजूनही दोन प्रकारे चालवलेले शुद्ध मानतात. ‘मी पैसे देतो’ हे लिहिताना ‘य’ ठेवा की न ठेवा, व्याकरणकार रागावत नाही. इंग्रजीने फ्रेंचांकडून ते घेतले व प्रत्ययही टाकून नुसता ‘पे’ ठेवला. म्हणजे ज्या ‘पे’ला आमचे शिक्षित लोक प्रतिष्ठित समजतात तो आणि ज्या ‘पगारा’ला अशिष्ट समजतात तो, हे एकाच आजीचे नातू होत, आणि त्यांत आजीच्या चेहऱ्याशी अधिक साम्य मराठीत आलेल्या नातवाचे आहे. ‘पे’मध्ये ‘पाकारे’ ओळखू येत नाही, ‘पगारा’त येते.

पोर्तुगीज व्याकरणात आणखी एक मौज आहे. त्या भाषेत भूतकाळवाचक धातुसाधित नियमाप्रमाणे लांब होते; पण तीन क्रियापदांनी आपले लांब रूप जवळपास टाकून देऊन आखूड रूप धरले आहे : मिळवणे, खर्चणे आणि चुकते करणे. ‘गान्यु, गास्तु, पागु’ : मिळवले, खर्चले, चुकवले. जे शब्द माणसाला रोज लागतात ते झिजून आखूड होतात, हा भाषाशास्त्राचा सामान्य नियम होय. पण महिनाअखेरीस बसणाऱ्या कारकुनाला या तीन शब्दांची जोडगोळी पाहून भाषाशास्त्राहून वेगळेच काही आठवते.

शांततेचा मूळ अर्थ सर्वत्र मेला असे मात्र नाही. रुमानियन भाषेत याच घराण्यातले ‘इंपका’ हे क्रियापद आहे. त्याचा अर्थ आजही ‘समेट करणे, भांडण मिटवणे’ असाच आहे. पैसे देण्यासाठी तिने शेजारच्या स्लाव्ह भाषांतून दुसराच शब्द उसना घेतला. इंग्रजीतही ‘पे’चा पहिला अर्थ ‘संतुष्ट करणे, शांत करणे’ हाच होता व तो सुमारे पंधराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत टिकला.

पण आम्हांस सर्वांत मोह पडला तो पोर्तुगीज भाषेतील ‘आपगार’ या शब्दाचा. ‘पगार’लाच एक उपसर्ग लागून तो झाला, स्पॅनिशमध्येही तो आहे. अर्थ काय? दिवा मालवणे. फळ्यावरचे पुसणे यालाही पोर्तुगीज भाषेत तोच शब्द. दिवा आणि देणे यांचा काय संबंध, असे युरोपातल्या वाचकाला वाटेल. मराठी वाचकाला वाटू नये. आमच्या घरी देवापुढली समई गेली तर ‘विझली’ म्हणत नाहीत, ‘शांत झाली’ म्हणतात. आमच्या आजीने दिवा ‘विझव’ असे कधी म्हटले नाही. ज्या कल्पनेने लिस्बनमध्ये ज्योत शमते त्याच कल्पनेने ती सांगलीत शमते. आणि तीच कल्पना दारातल्या धनकोला लागू केली की ‘पगार’ तयार होतो. दोन भाषा एकमेकींना न विचारता एकाच वाटेने जातात, असे क्षण अभ्यासकाला क्वचित लाभतात.

याचा अर्थ सर्व भाषा याच वाटेने गेल्या असे नव्हे. जर्मन माणूस देणे ‘शांत’ करीत नाही, तो ते मोजतो : ‘त्साल’ म्हणजे संख्या, ‘त्सालेन’ म्हणजे पैसे देणे. डचांचे ‘बेतालेन’ त्याचेच भावंड. आपणही बाजारात ‘साडीला किती मोजलेस?’ असे विचारतोच. खुद्द लॅटिनमध्ये ‘पेंदेरे’ म्हणजे तोलणे आणि म्हणून देणे. नाणी नव्हती तेव्हा धातू तोलून द्यावा लागे. सरकारी नोकराच्या आयुष्याची शेवटची आशा जी पेन्शन, ती या तराजूतून उतरलेली आहे. लॅटिनमध्येच ‘सोल्वेरे’ म्हणजे सोडवणे, सैल करणे; कर्ज हे बंधन आणि ते देणे म्हणजे गाठ सोडणे. मराठी ‘फेडणे’ हुबेहूब हेच सांगते : निरी फेडतात तसे ऋण फेडतात. स्लाव्ह भाषांची तऱ्हा निराळी. रशियन ‘प्लातीत’ म्हणजे पैसे देणे. त्याचे नाते कापडाच्या तुकड्याशी लावतात, कारण त्या लोकांत एके काळी कापड हेच चलन होते. ‘प्लातोक’ म्हणजे रुमाल आणि ‘झरप्लाता’ म्हणजे पगार. हा दुसरा शब्द आमच्या शेजारी भिलाईला एके काळी रोज बोलला गेला असला पाहिजे. सोव्हिएत साहाय्याने उभारलेल्या तेथील पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ च्या फेब्रुवारीत सुरू झाली, आणि रशियन तंत्रज्ञ तेथे मुक्कामाला होते. ‘झरप्लाता’, ‘तनख्वाह’ आणि ‘पगार’ ही तिन्ही भावंडे एकाच फाटकातून आत जात होती, असे चित्र डोळ्यांपुढे आणावयास हरकत नाही.

येथे आम्ही स्वतःलाच एक इशारा देतो. व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे. सोळाव्या शतकात जे पोर्तुगीज गोव्यात उतरले त्यांच्या कानांना ‘पगार’मध्ये शांतता ऐकू येत नव्हती, त्यांना पैसाच ऐकू येत होता. मूळ धातूच्या नादाने आजच्या शब्दावर वाटेल ते लादण्याची एक रसाळ पण घातक सवय आपल्या व्याख्यात्यांना आहे. ‘सॅलरी’चे उदाहरण घ्या. तिचा ‘सालारियुम’ हा मूळ लॅटिन शब्द मिठावाचक शब्दापासून झाला हे खरे. पण तेवढ्यावरून रोमन शिपायाला पगारादाखल मीठ मोजून देत, ही जी गोष्ट जागोजाग छापली जाते तिला प्राचीन लेखांत आधार नाही. ‘खाल्ल्या मिठाला जागणे’ ही आपली म्हण तिच्याशी इतकी सुंदर जुळते की, गोष्ट खोटी ठरवताना जीव हळहळतो. तरी ती टाकली पाहिजे.

आता दुसरा आरोप : हा शब्द खालच्या लोकांचा आहे. येथे ‘पगार’चा विचार त्याच्या मराठी भाऊबंदांत बसवून केला पाहिजे. आपल्या जुन्या कागदांत नोकराच्या प्राप्तीला शब्दांची वाण नव्हती. रोजमुरा, मुशाहिरा, दरमहा, तैनात, नेमणूक. नागपूरकर भोसल्यांच्या अमलात छत्तीसगडात जे मराठी कारकून आले ते यांपैकीच कशावर तरी जगत असतील. ‘तनखा’ हा फारसी शब्दही होता. तन म्हणजे देह आणि ख्वाह म्हणजे मागणारे, असा तो देहाची गरज बोलून दाखवतो. हिंदीत तो तनख्वाह होऊन सामान्य नोकराकडे राहिला. मराठीत मात्र तो जमिनीच्या साऱ्याचा वाचक झाला आणि शेवटी संस्थानिकांच्या घरी गेला. १९७१ साली जे रद्द झाले ते संस्थानिकांचे ‘तनखे’ होते, ‘पगार’ नव्हते. विद्वानाला मिळते ते ‘मानधन’, विद्यार्थ्याला मिळते ते ‘विद्यावेतन’, आमच्या आयोगाच्या अहवालात असते ते ‘वेतन’. म्हणजे रक्कम एकच असली तरी घेणाऱ्याच्या पायरीप्रमाणे मराठीने शब्द बदलला, आणि सर्वांत खालच्या पायरीवर, जेथे महिनाभर राबून रोख पैसा घेतला जातो, तेथे ‘पगार’ ठेवला. तपासणाऱ्या सभासदांचे निरीक्षण चुकीचे नव्हते. त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष आम्हांस मान्य नाही. त्या गृहस्थांचा पहिला पगार रोख नोटांचा होता, सही करून घेतलेला होता, आणि त्यातून खानावळवाल्याचे थकलेले दोन महिने शांत झाले होते. तसे त्यांनी पुढच्याच ओळीत लिहिले होते. त्या वाक्यात ‘वेतन’ घातले की खानावळवाला गेला आणि परिपत्रक आले.

‘वेतन’शी आमचे वैर नाही. तो फार जुना व कुलीन शब्द आहे. कौटिल्याने भृत्यभरणीय प्रकरणात अठ्ठेचाळीस हजार पणांपासून साठ पणांपर्यंत श्रेणी लावून दिल्या आहेत, आणि त्यात लेखक व संख्यायक यांना, म्हणजे आमच्या पूर्वजांना, पाचशे पण नेमले आहेत. वेतनश्रेणीचा वाद किती पुरातन आहे ते यावरून दिसते. त्याच प्रकरणाच्या नावातील ‘भृत्य’चा आप्त ‘भृती’ म्हणजे मजुरी. आणि रायपूरच्या आसपासच्या खेड्यांत शेतमजूर ‘बनी-भूती’ करतो असे आजही म्हणतात. त्यातील ‘भूती’चे ‘भृती’शी नाते कानालाच पटते. संस्कृत शब्द मजुराच्या तोंडी आणि लॅटिन शब्दही मजुराच्या तोंडी. मग साहित्यात शोभण्याचा निकष भाषेच्या कुळावर ठरतो की बोलणाऱ्याच्या अंगावरील कपड्यांवर?

१९५६ पर्यंत हे रायपूर नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होते, आणि त्या प्रांताचा कारभार हिंदी व मराठी या दोन भाषांना घेऊन चालायचा होता. डॉ. रघुवीर यांनी नागपुरात बसून जी प्रचंड परिभाषा घडवली तिच्यामागे दोहोंना चालतील असे संस्कृत शब्द देण्याची दृष्टी होती. नियम, अधिसूचना व अर्थसंकल्प यांसाठी ती दृष्टी योग्यच होती, आणि कार्यालयात आम्ही स्वतः दिवसभर ‘वेतन’च लिहितो. आमची तक्रार परिभाषेबद्दल नाही. कार्यालयातला शब्द घरी आणून आठवणीवर, गोष्टीवर, पत्रावर बसवण्याबद्दल आहे. दूरच्या मुलखात राहणाऱ्या आम्हां मराठी नोकरांना हा धोका अधिक. भोवती मराठी ऐकू येत नसल्यामुळे आपण ती छापील कागदावरून जपतो, आणि छापील कागद म्हणजे बहुधा परिपत्रक. तिच्यातला घाम पुसून काढला की ती शुद्ध झाली असे आपल्याला वाटू लागते.

खरा धोका तर दुसरीकडूनच येत आहे, हे आमच्या घरात ध्यानात आले. येथील हिंदीत हा शब्द स्त्रीलिंगी ऐकू येतो. ‘पगार मिल गई’ असे सर्रास म्हणतात, बहुधा ‘तनख्वाह’च्या संगतीने. गेल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी आमची सात वर्षांची कन्या दारातच विचारती झाली, “बाबा, तुमची पगार झाली का?” आम्ही चपला काढण्यापूर्वीच सांगितले की पगार ‘झाली’ नव्हे, ‘झाला’, तो पगार. तिने थोडा विचार केला आणि विचारले, “तो का? तनखा तर ती असते.” मराठीत तनखाही तोच असतो, हे सांगावे तर संस्थानिकांपासून सुरुवात करावी लागली असती. आम्ही म्हटले, तो लांबून समुद्रातून आला, आणि आपल्याकडे आल्यावर ‘तो’ झाला. एवढ्याने तिचे समाधान झालेले दिसले. “बरं,” ती म्हणाली, “मग तो झाला ना? रंगपेटी आणायची होती.”